हंगामी अंदाज आणि माणदेशातली शेती : आटपाडी तालुक्यातल्या प्रकल्प नोंदी, २०२३

१३ एप्रिल

हवामान विभागाचा पहिला अंदाज ११ तारखेला आला. जून ते सप्टेंबर देशभरात सरासरीच्या ९६ टक्के, पाच टक्के खाली-वर. सरासरी म्हणजे १९७१ ते २०२० या पन्नास वर्षांची, ८७ सेंटिमीटर. ९६ ते १०४ टक्क्यांत बसलं की विभाग त्याला 'सर्वसाधारण' म्हणतो, म्हणजे यंदाचा आकडा अगदी उंबरठ्यावर आहे. स्कायमेट या खासगी हवामान कंपनीने आदल्याच दिवशी ९४ सांगितलंय. गावात पोचेपर्यंत यातला 'पाऊस सर्वसाधारण' एवढाच भाग उरतो.

देशाचा आकडा आटपाडीत तसाच आणून उपयोग नाही. एकट्या सांगली जिल्ह्यात शिराळ्याकडे भाताची खाचरं भरतात आणि इकडे माणगंगेच्या काठी बाजरीला एका पावसासाठी ताटकळावं लागतं. सह्याद्री ओलांडून येणाऱ्या ढगांत आपल्या वाट्याला फार उरत नाही. आपली भिस्त सुरुवातीच्या वळवावर आणि सप्टेंबरनंतरच्या परतीच्या पावसावर.

अंदाजासोबतचा रंगीत नकाशा जास्त कामाचा. त्यात प्रत्येक भागासाठी तीन शक्यता मांडलेल्या असतात : कमी, मध्यम, जास्त. यंदा पश्चिम-मध्य भारताच्या काही भागांत सरासरीइतका किंवा त्याहून कमी पाऊस होण्याची शक्यता अधिक दाखवली आहे. पावसाळ्यात एल निनो (प्रशांत महासागराचं पाणी तापणं, त्यानं आपल्याकडचा पाऊस बहुधा घटतो) तयार होईल असंही म्हटलंय. मात्र हा नकाशा ढोबळ असतो, त्यात गाव शोधायला जायचं नाही.

प्रकल्पात आम्ही मुख्यतः एकच गोष्ट बघणार आहोत : कोणता अंदाज कोणत्या निर्णयाच्या वेळेला हातात असतो. पेरणीचा दिवस एप्रिलचा अंदाज सांगू शकत नाही आणि त्याच्याकडून ती अपेक्षाही ठेवायची नाही. पण डाळिंबाचा कोणता बहार (फुलोऱ्याचा हंगाम) धरायचा, सोसायटीचं कर्ज किती उचलायचं, दावणीला जनावरं किती ठेवायची, हे एप्रिल-मेमध्येच ठरतं. आजवर ते पंचांग, यात्रेतली भाकणूक आणि गेल्या सालचा अनुभव यांवर ठरत आलंय. त्या जागी हा अंदाज बसतो का, हे या तीन गावांत पाहायचं.

१८ एप्रिल

पहिली बैठक, मारुतीच्या देवळात. पुरुष वीसेक, बाया पाच-सहा, त्याही खांबामागे. बायांची बैठक वेगळी घ्यायला हवी. शेरडं आणि वैरण त्यांच्या हातात असते आणि त्या इथे बोलणार नाहीत.

मी नकाशा दाखवला, टक्के सांगितले. तात्यांनी सरळ विचारलं, "म्हंजी पडणार का न्हाय, तेवढं सांगा की ताई." प्रश्न रास्त आहे. चाळीस टक्के शक्यता म्हणजे नेमकं काय, हे टक्क्यांत सांगून कुणाच्या गळी उतरत नाही. मग सहकाऱ्याने सोळा खडे मांडले आणि आण्यांत बोलायला सुरुवात केली, सोळा आणे म्हणजे पूर्ण. आणेवारी इथल्या प्रत्येकाला पाठ आहे. म्हणाला, नेहमीच्या वर्षी कमी, मध्यम आणि जास्त पावसाला साधारण पाच-पाच आणे आणि वर थोडं. यंदा आम्ही कमी पावसाला सात धरतो, मध्यमाला पाच, जास्तीला चार. हे आणे विभागाने दिलेले नाहीत, नकाशाचा कल आणि एल निनोची मागची वर्षं पाहून बैठकीपुरते आम्ही ठरवलेत, हेही तिथंच स्पष्ट केलं.

मागची वर्षं सांगितल्यावर खरी चर्चा पेटली. २००२ ला देशात सरासरीच्या ८१ टक्के पाऊस, २००९ ला ७८, २०१५ ला ८६. ही सगळी एल निनोची सालं. २००९ चं नाव काढताच कुणी विहिरीचा तळ आठवला, कुणी टँकर. पण १९९७ ला एल निनो जबरदस्त होता आणि तरी देशात १०२ टक्के पाऊस झाला. तेही सांगितलं. ते लपवलं असतं तर यंदा पाऊस चांगला झाला तर पुढच्या वर्षी देवळात कुणी आलं नसतं.

तात्यांनी खडे पुन्हा मोजले आणि म्हणाले, "सात आणं लय झालं. पर नऊ आणं अजून आपल्याकडं हायती." मला वाटतं, या एका वाक्यात ते जे बोलले तेच आम्हाला प्रकल्पभर सांगायचं आहे. सात आण्यांवर सगळं रान पडीक ठेवायचं नाही, आणि नऊ आण्यांवर सगळं कर्ज उचलायचं नाही.

२ मे

डाळिंब. यावर जास्त लिहावं लागणार.

मृग बहार धरायचा तर आत्ताच बागेचं पाणी तोडावं लागतं. महिना-दीड महिना ताण, मग पानगळ, खतं आणि जूनच्या सुरुवातीला पहिलं पाणी. म्हणजे मृग बहाराचा निर्णय एप्रिलच्या अंदाजाला अगदी लागून येतो. हस्त बहाराचा ताण ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये. तो निर्णय जुलैअखेरच्या अंदाजानंतर घेता येतो. आंबे बहाराला उन्हाळ्याचं पाणी लागतं, ते ज्यांच्याकडे टेंभू उपसा योजनेचं हमखास पाणी आहे त्यांनीच बघावं.

इथे हंगामी अंदाजाचा अर्थ उलटा लागतो. बाजरीला कमी पाऊस म्हणजे तोटा. डाळिंबाला कमी पाऊस, ढगाळ दिवस कमी, म्हणजे तेल्या रोगाचा जोर कमी आणि फवारणीचा खर्च कमी, पण शेततळ्यात पाणी असेल तरच. एकाच अंदाजावर शेजारी-शेजारी दोन बागवाले वेगळा निर्णय घेऊ शकतात आणि दोघंही बरोबर असू शकतात.

आज ज्यांच्या बागेत होते त्यांचं शेततळं निम्म्यावर आहे. तळाचा प्लॅस्टिकचा कागद नवा आहे, गळती नाही. कडेला उभं राहून त्यांनी काठीने पाण्याची खोली दाखवली आणि हिशेब मांडला : जून-जुलैला पाऊस हुकला तर टेंभूच्या आवर्तनाशिवाय एवढ्या पाण्यावर चारशे झाडं निघतील, आठशे नाही. त्यांनी ठरवलं ते असं : वरच्या तुकड्यात मृग बहार, खालच्या तुकड्यात थांबायचं आणि हस्ताचा विचार ऑगस्टला करायचा. खालच्या तुकड्यात पिन होल बोररने काही झाडं गेलीत, तिथं ताण द्यायला ते तसेही धजत नव्हते. झाडांच्या खोडाला टाचणीएवढी भोकं आणि खाली पिठासारखा भुसा पडलेला. मी फोटो घेतले, सालाखालून मधोमध काप देऊन पाहिलं तर आतली नळी काळी पडलेली. या किडीनं आटपाडी-सांगोल्याकडच्या किती बागा काढायला लावल्या हे इथल्या कुणाला वेगळं सांगायला नको. झाड आधीच अशक्त असेल तर अंदाज काहीही सांगो, ताण द्यायचा नाही. ही अट बहाराच्या तक्त्यात पहिली लिहायची.

दुसऱ्या गावातल्या दोघांनी पूर्ण बागेत मृग धरलाय. त्यांच्याकडे टेंभूची चारी जवळ आहे. ठीक.

२७ मे

काल सुधारित अंदाज आला. देशाचा आकडा ९६ च, फक्त चूकभूल पाचऐवजी चार टक्के. नवीन गोष्ट एवढी की जूनमध्ये पाऊस सरासरीपेक्षा कमी राहील असं स्पष्ट म्हटलंय.

हे आमच्या दृष्टीनं ९६ पेक्षा महत्त्वाचं. जून कोरडा म्हणजे मूग-उडदाची वेळ अडचणीत. ही दोन्ही पिकं फार तर जुलैच्या पहिल्या आठवड्यापर्यंत पेरावीत. उशीर झाला की फुलोऱ्याला पाऊस सापडत नाही आणि पुढच्या ज्वारीला रानही मोकळं होत नाही. तेव्हा आजच्या बैठकीत एवढंच सांगितलं : मुगाचं बी आणून ठेवू नका, दुकानात मिळतं, पाऊस झाला तर त्या दिवशी आणा. खताची पूर्ण उचलही आता नको. उधारी एकदा लिहिली की ती पाऊस पडो न पडो फेडावी लागते.

बाजरीचं बी मात्र घेऊन ठेवायला हरकत नाही. एकरी दीड किलोच्या आतबाहेर लागतं, पैसा फार अडकत नाही आणि ते जुलैअखेरपर्यंत चालतं.

९ जून

काल मृग लागला. कालच मान्सून केरळात आल्याचं विभागाने जाहीर केलं, नेहमीच्या १ जूनपेक्षा आठवडाभर उशिरा. आणि कालच अमेरिकेच्या हवामान संस्थेनं एल निनो सुरू झाल्याचं जाहीर केलं. अरबी समुद्रात बिपरजॉय चक्रीवादळ आहे; ते बाष्प ओढून नेतंय.

वळवाची एक सर परवा रात्री झाली. ढेकळं भिजली, खाली कोरडं. तीन-चार जणांनी तिफण काढायची तयारी केलीय, धूळपेरणी म्हणून. मी थांबा म्हणून सांगत फिरले. हे सांगण्यात हंगामी अंदाजाचा भाग थोडा आणि दर गुरुवारी येणाऱ्या चार आठवड्यांच्या अंदाजाचा भाग मोठा आहे. पुढचे दोन आठवडे आपल्या पट्ट्यात काही दिसत नाही. दुबार पेरणीचं बी कुणाच्या घरात नाही.

नियम ठरवून दिला : गावच्या पर्जन्यमापकात ७५ ते १०० मिलिमीटर साठेपर्यंत तिफण नाही, आणि त्यानंतरही पहारीनं उकरून वीतभर ओल दिसली तरच. मापक सकाळी साडेआठलाच वाचायचं. शाळेतल्या मुलांकडे काम दिलंय, ती चोख करतात.

२७ जून

मान्सून मुंबईत आणि दिल्लीत एकाच दिवशी पोचला, २५ तारखेला. आमच्या मापकात अजून बोटभरही नाही. आर्द्रा लागून पाच दिवस झाले.

बायांची बैठक चार दिवसांपूर्वी झाली होती, अंगणात. तिथला विषय शेरडांचा. एका आजींकडे मोठी-लहान धरून नऊ शेरडं. त्यांनी विचारलं, "पावसाचं ते सात आणं अजून तेवढंच हायती का?" मी सांगितलं, आता आठ धरा, जून गेल्यात जमा आहे, एल निनो आलाय. आजींनी बोटं मोजली. बकरी ईद २९ ला. बोकडाला आत्ता जो दर मिळेल तो ऑगस्टमध्ये वैरण संपल्यावर मिळणार नाही, तेव्हा सगळेच विकायला काढतात. दोन बोकड आणि एक भाकड शेळी विकायची, गाभण राखायच्या, असं त्यांनी तिथंच ठरवलं. सून म्हणाली थांबू, मृग गेला म्हणून काय झालं, तरणा पाऊस (म्हणजे पुनर्वसूचा) अजून यायचा आहे. आजी म्हणाल्या, "तरण्यानं दिलं तर गवत हाय. न्हाय दिलं तर मी घराचा कडबा कुणाकुणाला घालू?"

आठवडी बाजारात त्यांना मनासारखा भाव मिळाला. पैशातून कडब्याच्या पेंढ्या घेतल्या, आत्ताच, स्वस्त असताना.

प्रकल्पाच्या आराखड्यात शेरडांचा उल्लेखही नव्हता. पण हंगामी अंदाज ज्या निर्णयाला सगळ्यात नेमका बसला तो हा आहे. विकायचं की ठेवायचं, ते महिना-दोन महिने आधी ठरवता येतं, थोडं विकता येतं, आणि अंदाज हुकला तरी फार नुकसान नाही, पुढच्या वेताला कळप भरतो. पुढच्या वर्षी एप्रिलची पहिली बैठक बायांचीच घ्यायची.

१८ जुलै

पाऊस आला, अखेर. दहा तारखेपासून रिमझिम, मग दोन चांगल्या सरी. दोन गावांत ओल वीतभर गेलीय, तिसऱ्यात अजून नाही. तिसऱ्या गावाला थांबवलंय, लोक नाराज आहेत.

मूग-उडीद सोडून दिलं. बाजरी आणि तूर, दोन ओळी बाजरी एक ओळ तूर. बाजरी मार खाल्ली तरी तूर खोल मुळांवर परतीचा पाऊस धरते. बाजरीत लवकर येणारी धनशक्ती घ्यायला सांगितली, पंचाहत्तर दिवसांत निघते. उशिरा पेरणीला लांब मुदतीचं वाण घेऊन चालत नाही.

खतं निम्मी, बाकीचं नत्र पाऊस बघून.

१ ऑगस्ट

काल दुसऱ्या टप्प्याचा अंदाज आला. ऑगस्ट-सप्टेंबर मिळून सर्वसाधारण, पण खालच्या बाजूला. आणि एकटा ऑगस्ट सरासरीपेक्षा कमी, म्हणजे ९४ टक्क्यांच्या आत. जुलै देशात सरासरीपेक्षा जास्त झाला म्हणून पेपरांत आनंद आहे. आमच्याकडे जुलै जेमतेम.

आज तीन कामं.

एक, पीकविमा. यंदा शेतकऱ्याचा हिस्सा एक रुपया. मुदत काल होती, ती ३ तारखेपर्यंत वाढली. बाजरीवाले जेवढे राहिलेत त्यांना आज-उद्या केंद्रावर न्यायचं. ऑगस्टमध्ये खंड पडेल असा अंदाज असताना एक रुपयाचा विमा न उतरवणं बरोबर नाही. २१ दिवस पावसाचा खंड पडला आणि उत्पन्न निम्म्याच्या खाली जाईल असं पाहणीत दिसलं तर २५ टक्के आगाऊ रक्कम देण्याची तरतूद आहे. मात्र खंड मोजतात तो महसूल मंडळातल्या केंद्रावर, आपल्या वहीवर नाही. तरी वही चोख ठेवायची. वाद झाला तर हातात काहीतरी असावं.

दोन, हस्त बहार. मेमध्ये ज्यांनी खालचा तुकडा थांबवला होता त्यांचा निर्णय आज. शेततळं जवळपास तेवढंच आहे, वरच्या तुकड्याला पाणी चाललंय, टेंभूचं एक आवर्तन मिळालं म्हणून. ऑगस्टच्या अंदाजानं ताण द्यायला सोय होते, कारण पाऊस पडत राहिला तर ताण बसतच नाही. पण पाणी कुठून? कोयनेत अजून हवा तसा साठा नाही, आणि टेंभूचा पंप चालायचा तर कृष्णेत पाणी हवं. त्यांनी खालच्या तुकड्यात यंदा बहारच धरायचा नाही असं ठरवलं. झाडांना विश्रांती, शेणखत, बोररचा बंदोबस्त. एका वर्षाचं उत्पन्न सोडणं सोपं नसतं. त्यांच्या मुलाचा याला विरोध होता आणि जेवताना त्यावर बरंच बोलणं झालं. मी मध्ये पडले नाही. अंदाज समोर ठेवायचा, निर्णय घरानं घ्यायचा.

तीन, रब्बीची रानं. ज्या रानात बाजरी नाही, ज्वारीसाठी राखलेलं आहे, तिथे आत्ताच वाफे पाडायचे. सारायंत्रानं उताराला आडवे सारे पाडायचे, मग बळीराम नांगरानं दंड टाकायचे, साधारण बारा बाय बारा फुटांचे वाफे तयार होतात. राहुरी कृषी विद्यापीठाची जुनीच शिफारस. पाऊस कमी येवो, जास्त येवो, येईल तो रानातच मुरतो. अंदाज खरा की खोटा यावर हे काम अवलंबून नाही, म्हणून मला ते सगळ्यात आधी करून घ्यायचं होतं. बैलजोड्या कमी झाल्यात ही अडचण. ट्रॅक्टरवाला एका दिवसात पाच-सहा एकर करतो, पण बांधाच्या कोपऱ्यात वळत नाही.

१९ ऑगस्ट

परवा मघा लागल्या. म्हणतात, पडल्या तर मघा, नाहीतर वर बघा. सगळे वर बघतायत.

बाजरी पोटरीत (कणीस बाहेर पडण्याआधीची अवस्था) येऊ घातलीय. पानं दुपारी गुंडाळतात, संध्याकाळी उलगडतात. तोपर्यंत पीक जिवंत आहे. तिसऱ्या गावात पेरा उशिरा झाला, तिथली बाजरी गुडघ्याखाली आहे आणि उलट बरी दिसते, कारण तिची पाण्याची गरज अजून कमी. कोळपणी करून भेगा बुजवायला सांगितलंय. ज्यांच्या शेततळ्यात पाणी आहे त्यांना एकच पाणी द्यायचं तर पोटरीत द्या असं सांगितलं, आत्ता, आणखी वाट न बघता. एका आड एक सरी भिजवली तरी चालेल. गुरुवारच्या अंदाजात महिनाअखेरपर्यंत काही नाही.

१ सप्टेंबर

ऑगस्टमध्ये देशात पाऊस सरासरीपेक्षा ३६ टक्के कमी. १९०१ पासून एवढा कोरडा ऑगस्ट नोंदलेला नाही.

बैठकीत एकानं विचारलं, अंदाज ९४ च्या आत होता, पडला ६४, मग अंदाज बरोबर की चूक? याचं उत्तर नीट द्यायला हवं. दिशा बरोबर होती. किती खोल जाईल हे अंदाजानं सांगितलं नव्हतं, आणि असल्या अंदाजाकडून ते मिळतही नाही. हंगामी अंदाज समुद्राच्या तापमानासारख्या सावकाश बदलणाऱ्या गोष्टींवर उभा असतो. महिनाभर पाऊस अडवून धरणारा खंड हा वेगळ्या, छोट्या पल्ल्याच्या हालचालींतून येतो. म्हणून जुलैअखेरच्या अंदाजावर पैसा, कळप आणि बहार ठरवायचा, आणि पाणी कोणत्या दिवशी द्यायचं ते गुरुवारच्या आणि पाच दिवसांच्या अंदाजावर. दोन्हीची सरमिसळ केली की माणूस दोघांनाही शिव्या देतो.

सप्टेंबरचा अंदाज ९१ ते १०९ टक्के. हिंदी महासागराच्या पश्चिम बाजूचं पाणी तापलंय, त्याचा फायदा होईल असं म्हणतायत. आम्ही आठ-आठ आणे धरले, होईल आणि न होईल. यापेक्षा जास्त सांगण्यासारखं आमच्याकडे काही नाही आणि लोकांनाही ते पटलं.

२३ सप्टेंबर

उत्तरा बरसल्या, पण सारख्या नाही. पहिल्या गावात दोन रात्री चांगला पाऊस, वाफे काठोकाठ भरले होते. सकाळी दंडावर उभं राहून लोक मोबाइलवर फोटो काढत होते. दुसऱ्या गावात मध्यम. तिसऱ्यात भुरभुर.

शेजारी-शेजारी दोन रानं पाहिली, एकाच बांधाला लागून, माती सारखी. एकात वाफे, दुसऱ्यात नाहीत. बिनवाफ्याच्या रानातून पाणी ओघळून खालच्या ओढ्याला गेल्याची घळ स्पष्ट दिसते, वरची माती धुवून खालचा मुरूम उघडा पडलाय. पहार मारली तर तिथं ओल वीतभर. वाफ्यांच्या रानात पहार हातभर आत गेली आणि बाहेर काढली तेव्हा टोकाला चिकटलेली माती मुठीत दाबल्यावर लाडू झाला. बिनवाफ्याच्या रानाचे मालक सोबत होते. त्यांनी काही विचारलं नाही, स्वतःच दोन्हीकडची माती पुन्हा हातात घेऊन दाबून पाहिली.

बाजरी : ज्यांनी पोटरीत पाणी दिलं त्यांची कणसं भरलीत. ज्यांना पाणी नव्हतं त्यांची टोकाला पोचट आहेत, वैरण मात्र निघेल. तूर तग धरून आहे, परवाच्या पावसानं हिरवी झाली.

आता ज्वारी. वाण जमिनीच्या खोलीवर ठरवायचं. फूटभर खोलीच्या हलक्या रानात फुले अनुराधा, दोन फुटांपर्यंतच्या मध्यम रानात फुले सुचित्रा किंवा नेहमीची मालदांडी, त्याहून खोल काळ्या रानात फुले वसुधा. यंदा ओल कमी आहे म्हणून शंका असेल तर एक पायरी खालचं वाण घ्यायचं. हलकी रानं आधी उरकायची, ओल तिथून आधी उडते. बियाण्याला गंधक चोळायचं, ओळीत दीड फूट अंतर, एकरी चार किलोच्या वर बी नको. दाट पेरा कोरड्या वर्षी सगळ्यांनाच उपाशी ठेवतो.

तिसऱ्या गावात ओल पेरणीइतकी नाही. हस्ताची वाट बघायची, १५ ऑक्टोबरपर्यंत. तोवर नाही आला तर तिथं यंदा ज्वारी नाही, हे त्यांना आजच सांगितलं. फार कठीण गेलं.

३ ऑक्टोबर

हंगाम संपला. देशात सरासरीच्या ९४ टक्के. एप्रिलचा अंदाज ९६, पाच टक्के खाली-वर. म्हणजे कागदावर अंदाज बसला. जूनमध्ये ९१, जुलैत ११३, ऑगस्टमध्ये ६४, सप्टेंबरमध्ये ११३. या चार आकड्यांची बेरीज-वजाबाकी होऊन ९४ निघाले. पिकाला असं सरासरीनं पाणी पीत बसता येत नाही. पोटरीतल्या बाजरीला जुलैचा जास्तीचा पाऊस परत मागता येत नाही.

त्यामुळे वरिष्ठांकडून 'अंदाज किती टक्के अचूक ठरला' असा रकाना भरून मागितलाय, तो मी वेगळ्या पद्धतीनं भरणार आहे. अंदाजापुढे निर्णय लिहायचा, निर्णयापुढे त्याची शेवटची तारीख, आणि मग त्या घराला काय झालं ते. अंदाज बरोबर येऊनही उपयोग झाला नाही अशी उदाहरणं आहेत : दुसऱ्या गावात ज्यांनी पूर्ण बागेत मृग धरला त्यांना सप्टेंबरच्या ढगाळ आठवड्यात तेल्यानं गाठलं. वर्ष कोरडं होतं तरी तेल्याला एक ओला आठवडा पुरतो. आणि आजींची शेरडं, बाग विश्रांतीला सोडलेले, वाफेवाले, हे सगळे पाऊस कसाही झाला असता तरी उभे राहिले असते.

२ नोव्हेंबर

परवा शासनानं ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. सांगलीतले मिरज, खानापूर, कडेगाव, शिराळा आहेत. आटपाडी नाही. गावात संताप आहे. निकष पाऊस, पिकांची उपग्रहावरून दिसणारी स्थिती, मातीतली ओल, भूजल अशा अनेक गोष्टींचे असतात, हे मी सांगू शकते, पण ज्याच्या रानात ज्वारीच पेरली गेली नाही त्याला ते सांगून काय मिळणार? तिसऱ्या गावच्या मापकाची जूनपासूनची रोजची वही, मुलांच्या हस्ताक्षरातली, झेरॉक्स काढून ग्रामपंचायतीच्या ठरावासोबत जोडून दिली. तहसील कार्यालयात पोचही घेतली.

कोयना यंदा पूर्ण भरलं नाही. टेंभूची उन्हाळी आवर्तनं किती मिळतील यावर आंबे बहाराचा निर्णय अडलाय. इथं पावसाच्या अंदाजापेक्षा धरणाचा साठा हाच खरा अंदाज आहे, आणि तो आज सगळ्यांना माहीत आहे. ज्यांचं शेततळं तीन-चतुर्थांश भरलेलं नाही त्यांनी आंबे बहार धरू नये, असं मी स्पष्ट सांगितलं.

१८ नोव्हेंबर

पहिल्या गावची ज्वारी मांडीएवढी. वाफ्यांतली गडद हिरवी, बाहेरची पिवळट.

सोसायटीच्या भिंतीवर लावायचा तक्ता तयार करतोय. एप्रिलच्या मध्याला पहिला अंदाज : मृग बहार, शेरडं, कर्ज. मेअखेर : बी-खताची उचल, मूग-उडीद. जुलैअखेर : विमा, हस्त बहार, वाफे. ऑगस्टअखेर : ज्वारीचं रान आणि वाण. दर गुरुवार : पेरणी, पाणी, फवारणी. बायांनी सांगितलं की शेरडांची ओळ सगळ्यात वर हवी, ती वर घेतली. तिसऱ्या गावचे लोक म्हणतात, त्यांना आणे नकोत, मंडळाच्या केंद्रापासून त्यांचं गाव लांब आहे तर त्यांच्या गावात स्वयंचलित पर्जन्यमापक हवं. मागणी रास्त आहे. जागेचा उतारा आणि ग्रामसभेचा ठराव मिळाला की अर्ज करायचा. वैरणीची मोजणी या आठवड्यात पूर्ण करायची, घरटी किती कडबा आणि किती तोंडं, म्हणजे फेब्रुवारीत चारा छावणी मागायची वेळ आली तर आकडे तयार असतील.